हिमालयी देवदाराचे तेल: सुगंधद्रव्य म्हणून एक परीक्षण

देवदाराच्या तेलाची बाटली उघडून थेट नाकाशी नेली, तर पहिला अनुभव फारसा सुखावह नसतो. टर्पेंटाइनची आठवण करून देणारी तिखट झुळूक आधी येते, तिच्यामागोमाग धुरकट, किंचित डांबरी आणि काहींना चक्क गोठ्याची वाटेल अशी छटा येते, आणि लाकूड या सगळ्याखाली कुठेतरी दबलेले असते. सुगंध बनवण्याचा छंद नव्याने लागलेले अनेक जण याच टप्प्यावर झाकण लावून टाकतात आणि हे तेल धूप किंवा साबण यांच्यापलीकडे कामाचे नाही, असा निकाल देतात. माझ्या मते हा निकाल घाईचा आहे. हेच तेल विरल करून, कागदी पट्टीवर दिवसभर ठेवून आणि मुख्य म्हणजे मिश्रणात काही आठवडे मुरू देऊन पाहिले, तर शंकुधारी वृक्षांच्या लाकडापासून मिळणाऱ्या सुगंधी तेलांमध्ये त्याची जागा बरीच वरची ठरते. व्हर्जिनियाच्या सीडर तेलाला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे, कारण त्या तेलाला जे जमत नाही तेच नेमके याला जमते.

गुणदोषांकडे वळण्यापूर्वी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. ‘सीडरवुड ऑइल’ या एकाच नावाखाली निदान पाच वेगवेगळ्या झाडांची तेले विकली जातात आणि त्यांतली सगळीच एकमेकांची नातेवाईक नाहीत. सिड्रस या प्रजातीतले हिमालयाचे देवदार, म्हणजे सिड्रस देवदारा, आणि मोरोक्को व अल्जीरियातल्या अॅटलस पर्वतांतले सिड्रस अटलांटिका ही दोन झाडे पाइनच्या कुळातली आहेत. व्हर्जिनिया सीडर (ज्युनिपेरस व्हर्जिनियाना), टेक्सास सीडर (ज्युनिपेरस आशेई) आणि चिनी सीडर (क्युप्रेसस फ्युनेब्रिस) ही तिन्ही मात्र सायप्रसच्या कुळातली असून त्यांच्या तेलाची रासायनिक घडणही निराळी आहे. व्हर्जिनिया, टेक्सास आणि चिनी तेलांत सेड्रॉल, सेड्रीन आणि थुजोप्सीन या घटकांचे राज्य असते. देवदार आणि अॅटलस यांच्या तेलांत मात्र अल्फा, बीटा आणि गॅमा अशी तिन्ही प्रकारची हिमाचलीने मिळून बहुधा निम्म्याहून अधिक भाग व्यापतात, आणि त्यांच्या जोडीला अटलांटोन, हिमाचलॉल यांसारखे ऑक्सिजनयुक्त घटक असतात. त्यामुळे बाटलीवर केवळ ‘सीडरवुड’ एवढेच लिहिलेले असेल आणि झाडाचे शास्त्रीय नाव नसेल, तर आत काय आहे हे ग्राहकाला कळण्याचा काही मार्ग उरत नाही. अशी बाटली कोणी फुकट दिली तरी सुगंधाच्या कामासाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिमाचलीनांची रचना उलगडण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. रसायनशास्त्रज्ञ सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तिथे भारतीय वनस्पतींतल्या सेस्क्विटर्पीनांवर जे काम केले, त्यात देवदाराच्या तेलातले हे घटक होते. सेस्क्विटर्पीन म्हणजे पंधरा कार्बन अणूंचा सांगाडा असलेले संयुग, आणि हा तपशील वास घेणाऱ्यालाही उपयोगी आहे. लिंबाच्या सालीतले लिमोनीन किंवा पाइनमधले पायनीन यांच्यात दहा कार्बन अणू असतात, म्हणून ती संयुगे हलकी असतात आणि पट्टीवरून लवकर उडून जातात. पंधरा कार्बन अणूंची संयुगे जड असतात, सावकाश उडतात, आणि म्हणूनच देवदाराचे तेल मिश्रणाच्या तळाशी बसते व वरच्या चंचल घटकांनाही थोडे धरून ठेवते. सुगंधव्यवसायात याच गुणाला फिक्सेटिव्ह म्हणतात.

झाडाविषयी थोडक्यात सांगायचे, तर देवदार हा पश्चिम हिमालयाचा वृक्ष आहे. अफगाणिस्तानच्या पूर्वेकडील डोंगरांपासून काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि पुढे पश्चिम नेपाळपर्यंत, साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवर त्याची वने आढळतात. हिमाचल प्रदेशाचा तो राज्यवृक्ष आहे. लाकडाच्या गाभ्यात मुरलेल्या तेलामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि म्हणूनच हिमाचलातल्या जुन्या मंदिरांपासून श्रीनगरच्या हाउसबोटींपर्यंत आणि ब्रिटिश काळातल्या रेल्वेच्या स्लीपरांपर्यंत जिथे लाकडाने वर्षानुवर्षे टिकणे गरजेचे होते, तिथे देवदार वापरला गेला. सुगंधासाठी वापरायचे तेल हेच लाकूड वाफेवर ऊर्ध्वपातित करून काढतात. झाड तोडल्यावर जमिनीत राहिलेले बुंधे व मुळे, आणि लाकूड कापताना पडणारा भुसा व ढलप्या हा त्याचा मुख्य कच्चा माल असतो. जुन्या बुंध्यांच्या गाभ्यात तेल चांगले साठलेले असते. याच लाकडाला बंद भांड्यात जाळून काढलेले काळपट, डांबरासारखे तेलही पहाडी भागात पूर्वापार काढले जाते आणि गुरांच्या त्वचारोगांवर लावले जाते. तिकडे त्याला ‘केलोन का तेल’ म्हणतात. ते औषध म्हणून उपयोगी असेल, पण सुगंधासाठी नाही, आणि विक्रेत्याशी बोलताना या दोन तेलांमधला फरक लक्षात ठेवावा.

आता प्रत्यक्ष वासाकडे येतो. चांगले वाफेवर काढलेले तेल पिवळ्यापासून फिकट तपकिरी रंगाचे आणि दाटसर असते. ड्रॉपरमधून त्याचा थेंब लगेच सुटत नाही, टोकाशी क्षणभर लोंबकळतो आणि मग पडतो. मी ते नेहमी अल्कोहोलमध्ये दहा टक्के विरल करूनच तपासतो, कारण निव्वळ तेलात सगळ्या छटा एकमेकींवर चढून बसलेल्या असतात आणि नाक पहिल्या मिनिटातच थकते. विरल केलेल्या तेलात पट्टी बुडवून बाहेर काढली आणि अल्कोहोल उडू दिले, की आधी तो टर्पेंटाइनसारखा तिखटपणा येतोच, पण आता तो बोचत नाही. त्यात कापराची थंड कडा आणि फिनाइलची आठवण करून देणारी क्रेसॉलची पुसट रेघ वेगळी ओळखता येते. पहिली पंधरा-वीस मिनिटे हे तेल असेच थोडे आडमुठे वागते.

त्यानंतर बदल सुरू होतो. तिखटपणा ओसरतो, धुराचा भाग मऊ होऊन कमावलेल्या चामड्याकडे झुकतो, आणि लाकूड पहिल्यांदाच स्वच्छपणे समोर येते. पेन्सिलीला टोक करताना येणारा कोरडा, टोकदार वास म्हणजे सायप्रस कुळातल्या सीडरांचा वास. हे लाकूड तसे नाही. देवदाराचे लाकूड तेलकट, उबदार आणि किंचित गोड आहे. दीड-दोन तासांनी त्या गोडीत राळेचा, आणि बारकाईने पाहिले तर बाभळीच्या फुलांसारखा एक पिठूळ पदर जाणवतो. या उबेमागे अटलांटोनांचा हात असावा असे मला वाटते. अल्फा-अटलांटोन हळदीच्या तेलातही सापडते, आणि एकदा हे कळल्यावर देवदाराच्या या टप्प्यात हळकुंडाचा कोरडा, मातकट ऊबदारपणा नाकाला आपोआप सापडू लागतो. संध्याकाळपर्यंत पट्टीवर जे उरते ते शांत, गुळगुळीत आणि त्वचेच्या जवळ राहणारे लाकूड असते, आणि दुसऱ्या दिवशीही ते ओळखू येते. सकाळच्या त्या आडमुठ्या तेलातून संध्याकाळी इतका सभ्य वास निघतो, हा बदल मला आजही विलक्षण वाटतो. या तेलाची योग्यता त्याच्या संध्याकाळवरून ठरवावी, सकाळवरून नव्हे.

अॅटलसच्या तेलाशी तुलना केली, तर दोघे सख्खे भाऊ आहेत हे लगेच लक्षात येते. रासायनिक घडण इतकी जवळची आहे की तेलातले घटक वेगळे करून दाखवणारे प्रयोगशाळेतले यंत्र, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, हाताशी असूनही या दोन तेलांना एकमेकांपासून खात्रीने वेगळे करणे सोपे नसते. माझ्या नाकाला अॅटलसमधली फुलांची पिठूळ बाजू अधिक लवकर आणि अधिक मोकळेपणाने येते, तर देवदारात धूर आणि चामडे अधिक. फुलांना आधार द्यायचा असेल तेव्हा मी अॅटलसकडे वळतो; खस, पचौली, लोबान, तंबाखू यांच्या सोबतीला मात्र देवदारच हवे. पाश्चात्त्य सुगंधविश्वात अॅटलसला जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यामागे १९९२ साली आलेल्या, शिसेडो या जपानी सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या ‘फेमिनिते द्यु ब्वा’ या परफ्यूमचा मोठा वाटा आहे. सीडरचे लाकूड तोवर प्रामुख्याने पुरुषांच्या सुगंधांत वापरले जाई. सर्ज ल्युटेन्स यांच्या कल्पनेतून उतरलेल्या या रचनेने ते स्त्रियांच्या सुगंधाच्या मध्यभागी ठेवले. देवदाराच्या वाट्याला अशी एखादी रचना अजून यायची आहे, आणि ती यावी असे मला मनापासून वाटते.

व्हर्जिनियाचे तेल पूर्णपणे वेगळ्या स्वभावाचे आहे. ते कोरडे, नेटके आणि पहिल्या क्षणापासून समजण्याजोगे असते, आणि पेन्सिलींमुळे जगभर ओळखीचे झाले आहे, कारण पूर्वी उत्तम पेन्सिली याच लाकडाच्या होत असत आणि त्या कारखान्यांतल्या भुशातून तेलही काढले जाई. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली थेंब म्हणून वापरायला १८७० च्या दशकाच्या अखेरीस जे तेल निवडले गेले तेही सीडरचेच, कारण प्रकाशाचे वक्रीभवन त्यात जवळजवळ काचेइतकेच होते. सुगंधात व्हर्जिनियाचा फायदा असा की ते कोणाशीही भांडत नाही. त्याचा तोटाही तोच आहे. मिश्रणात ते लाकडाची एक स्वच्छ रेषा ओढते, पण त्या रेषेला जाडी देत नाही. खोली हवी असेल तर दुसरे काहीतरी घालावे लागते, आणि मोठ्या उद्योगात हे काम बहुधा सेड्रीन व सेड्रॉलपासून बनवलेल्या पदार्थांकडून करून घेतात. सेड्रीनपासून मिळणारे अॅसिटिल सेड्रीन, सेड्रॉलपासून मिळणारे सेड्रिल अॅसिटेट आणि सेड्रिल मिथाइल ईथर हे त्यांतले प्रमुख होत. टेक्सासच्या तेलाविषयी फार लिहिण्यासारखे नाही; ते व्हर्जिनियापेक्षा दाट, थोडे धुरकट आणि कमी नाजूक असते, आणि मुख्यतः या रूपांतरांसाठी कच्चा माल म्हणूनच त्याला मागणी आहे.

मिश्रणातले वर्तन हा या परीक्षणाचा मुख्य भाग आहे. देवदाराचे तेल एकूण सुगंधद्रव्यांच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवले, तर ते स्वतः फारसे दिसत नाही, पण त्याच्याशिवायचे मिश्रण शेजारी ठेवून पाहिल्यावर त्याची उणीव ताबडतोब जाणवते. वरचे घटक लटके आणि विस्कळीत वाटू लागतात. दहा टक्क्यांच्या आसपास ते लाकूड म्हणून ओळखू येते. वीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावर तो सुरुवातीचा धुरकटपणा मुरूनही पूर्णपणे जात नाही आणि सगळी रचना जड होते. म्हणून नव्या माणसाने पाच ते दहा टक्क्यांच्या पट्ट्यात काम सुरू करावे आणि निकाल देण्यापूर्वी मिश्रण किमान तीन-चार आठवडे अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे.

गुलाबाशी त्याची जोडी मला सर्वांत मोलाची वाटते. गुलाबाच्या तेलातली मधाळ बाजू एरवी पुष्कळदा चिकट होते. देवदाराच्या कोरड्या धुराने तिला मर्यादा पडते आणि गुलाब गडद, प्रौढ वाटू लागतो. व्हायोलेटचा वास देणाऱ्या आयोनोनांशी त्याचे जुळणे तर आश्चर्य वाटावे इतके सहज आहे. आयोनोनांतला पिठूळ, किंचित फळांसारखा भाग आणि देवदाराचा बाभळीच्या फुलांसारखा पदर एकमेकांत मिसळून जातात आणि जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. खसाबरोबर मात्र हात राखून वापरावे, कारण दोघेही मातकट आणि धुरकट असल्यामुळे प्रमाण चुकले की मिश्रणात हवाच उरत नाही. अशा वेळी बर्गमॉटसारखे एखादे लिंबूवर्गीय तेल थोडे अधिक घालावे आणि आयसो ई सुपरसारखे पारदर्शक कृत्रिम लाकूड मधे आणावे, म्हणजे दोन्ही जड घटकांमध्ये मोकळी जागा तयार होते. चंदनाशी त्याची तुलना अनेक जण करतात आणि चंदनाच्या तेलात ते भेसळ म्हणून घातले जाते हेही सर्वज्ञात आहे. पण चंदनाची दुधाळ, मलईदार गोडी देवदारात नाही आणि ती असल्याचा आव आणू नये. चंदनाखाली एक कोरडा पाया म्हणून थोडे देवदार उघडपणे वापरले, तर दोघांचाही मान राहतो.

मोगरा, जाई, निशिगंध अशा पांढऱ्या फुलांबरोबर हे तेल मला कधीच समाधानकारक वाटले नाही. त्या फुलांमध्ये स्वतःची एक प्राणिज छटा असते, आणि देवदारातला गोठ्याकडे झुकणारा भाग तिला भलत्याच दिशेने वाढवतो. तिथे अॅटलस किंवा व्हर्जिनिया वापरणे श्रेयस्कर.

काही अडचणी तांत्रिक आहेत. तेलाचा मोठा भाग हायड्रोकार्बनांचा असल्यामुळे ते ९५ टक्के अल्कोहोलमध्ये विरघळते, पण पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या हलक्या कोलोनमध्ये मिश्रण गढूळ होण्याची शक्यता असते. थंडीत ही गढूळता अधिक दिसते. दुसरी अडचण रंगाची आहे. पांढऱ्या साबणाला किंवा मेणबत्तीला या तेलाने पिवळसर झाक येते आणि ती लपवता येत नाही. साबणाच्या बाबतीत एक मोठा गुणही सांगितला पाहिजे: साबणातल्या अल्कलीमुळे अनेक नाजूक सुगंधद्रव्ये बिघडतात, पण हे तेल त्यात चांगले टिकते आणि धुतल्यानंतरही हातावर मंदपणे रेंगाळते.

तेलाची प्रत विक्रेत्यागणिक बरीच बदलते, आणि हा या उत्पादनाचा सर्वांत मोठा दोष आहे. त्याच नावाच्या दोन बाटल्यांतली एक चामड्यासारखी दाट आणि दुसरी जवळजवळ निव्वळ टर्पेंटाइनसारखी निघू शकते. कच्चे तेल आणि शुद्ध केलेले, म्हणजे कमी दाबाखाली पुन्हा ऊर्ध्वपातित केलेले तेल, यांत निवड करायची झाली तर काम काय आहे ते पाहावे. शुद्ध केलेल्या तेलातून क्रेसॉलचा भाग आणि गडद रंग जातो, ते पहिल्या मिनिटापासून सभ्य वागते आणि फुलांच्या रचनेत सहज सामावते. पण त्यासोबत धुराचा आणि चामड्याचा जो भाग जातो तोच माझ्या मते या तेलाचा आत्मा आहे. एकच बाटली घ्यायची असेल, तर मी कच्चे पण काळजीपूर्वक काढलेले तेल घेण्याची शिफारस करीन.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे त्या विशिष्ट घाण्याचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कोणते घटक किती प्रमाणात आहेत हे दाखवणारा प्रयोगशाळेचा अहवाल, मागावा. अहवाल वाचायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. हिमाचलीने ठळकपणे वर दिसत असतील, तर तेल सिड्रसचे आहे. सेड्रॉल आणि थुजोप्सीन मोठ्या प्रमाणात दिसत असतील, तर ते देवदार नव्हे किंवा त्यात सायप्रस कुळातले तेल मिसळलेले आहे. एका विक्रेत्याकडून ‘हिमालयी देवदार’ म्हणून आलेल्या बाटलीत हिवाळ्यात तळाशी पांढरे, सुईसारखे स्फटिक जमलेले मी पाहिले आहेत. सेड्रॉल सामान्य तापमानाला घन असते आणि त्याचा वितळणबिंदू ८० अंश सेल्सियसच्या वर आहे, त्यामुळे ते भरपूर असलेल्या तेलात थंडीने असे स्फटिक पडू शकतात; हिमाचलीनांनी भरलेल्या देवदाराच्या तेलाकडून मात्र ही अपेक्षा नसते. त्या बाटलीचा वासही पेन्सिलीचाच होता. विक्रेत्याकडे चौकशी केल्यावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही, आणि अहवाल मागताच संवाद थांबला. अहवाल नाकारणारा विक्रेता टाळावा, हा नियम त्यानंतर मी काटेकोरपणे पाळतो.

साठवणीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पाइनच्या कुळातल्या झाडांची तेले हवेच्या संपर्कात हळूहळू ऑक्सिडाइज होतात आणि त्यांत पेरॉक्साइडे तयार होतात, जी त्वचेला संवेदनशील बनवू शकतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने, म्हणजे आयएफआरएने, या कुळातल्या तेलांसाठी पेरॉक्साइडचे प्रमाण लिटरमागे १० मिलिमोलच्या खाली ठेवण्याचा दंडक घातला आहे. देवदारही याच कुळातले. घरगुती पातळीवर ते मोजणे शक्य नसते, पण काळजी घेणे शक्य असते: गडद काचेची बाटली वापरावी, तेल कमी झाले की लहान बाटलीत ओतून वरची रिकामी जागा कमी करावी, उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहावी, आणि ऑक्सिडेशन रोखण्यासाठी थोडे व्हिटॅमिन ई किंवा बीएचटी हे रसायन घालावे. वासात रंगाच्या डब्यासारखी आंबूस कडा आली, की ते तेल त्वचेवर लावण्याच्या रचनेत वापरू नये. निव्वळ तेल त्वचेवर कधीच लावू नये, हे वेगळे सांगायला नको. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर स्वतंत्रपणे नमूद करायच्या सुगंधी घटकांची यादी बरीच वाढवली, आणि तीत अॅटलस सीडरचे व व्हर्जिनियाचे तेलही आहे. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्यांहून आणि धुतल्या जाणाऱ्या उत्पादनात ०.०१ टक्क्यांहून अधिक प्रमाण असेल, तर ही नोंद करावी लागते. विक्रीसाठी सुगंध बनवणाऱ्यांनी हे नियम मुळातून वाचावेत.

शेवटी वनांचा प्रश्न येतो, आणि माझ्या निवडीत त्याचे वजन मोठे आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, म्हणजे आययूसीएनच्या यादीत अॅटलस सीडर संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. दुष्काळ, चराई आणि तोड यांनी मोरोक्को व अल्जीरियातली त्याची वने मागे हटत आहेत. देवदाराची नोंद तूर्तास कमी चिंतेच्या वर्गात आहे. याचा अर्थ हिमालयातले देवदार वाटेल तसे तोडावेत असा मुळीच नाही. या झाडाला वाढायला शतके लागतात, आणि डोंगरउतारावरची माती व झरे त्याच्यावर अवलंबून असतात. भारतात वनांतली तोड सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशापासून कडक नियंत्रणाखाली आहे. या पार्श्वभूमीवर बुंधे, मुळे आणि भुसा यांपासून काढलेले तेल हे तुलनेने समर्थनीय ठरते, मात्र तो कच्चा माल वैध तोडीतला किंवा वाऱ्या-बर्फाने पडलेल्या झाडांचा असला पाहिजे. ‘नैसर्गिक’ आणि ‘शुद्ध’ हे शब्द बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापणारे विक्रेते लाकूड कुठल्या वनविभागातून आणि कुठल्या परवान्यावर आले याबद्दल बहुधा गप्प असतात. ही माहिती वेष्टनावर यायला हवी. ग्राहकांनी ती विचारायला सुरुवात केली तरच ती येईल, म्हणून शास्त्रीय नाव आणि जीसी-एमएस अहवाल यांच्या जोडीला हा तिसरा प्रश्नही प्रत्येक खरेदीच्या वेळी विचारावा.

ज्याला एका फवाऱ्यात आवडणारे, हलके, उन्हाळी लाकूड हवे आहे त्याने व्हर्जिनियाचे तेल घ्यावे. त्याला देवदार पचणार नाही. गुलाब, आयोनोन, लोबान, चामडे यांच्यासोबत काम करणाऱ्याने आणि मिश्रण महिनाभर बाजूला ठेवण्याची तयारी असलेल्याने हिमालयी देवदाराचे कच्चे तेल आपल्या संग्रहात ठेवावेच, आणि पहिल्या खेपेस लहान बाटली घेऊन, दहा टक्के विरल करून, पट्टी सकाळी भिजवून रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा हुंगल्याशिवाय त्याविषयी मत बनवू नये.